करमुक्त म्युनिसिपल बाँड काढणाऱ्या सरकारी एजन्सींसाठी नियम कुठे बघायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅलिफोर्नियात एका छोट्या वॉटर डिस्ट्रिक्टच्या फायनान्स खात्यात आहे, कर्जाच्या, म्हणजे पैसे उभारायला एजन्सीने काढलेल्या कर्जरोख्यांच्या (म्युनिसिपल बाँडच्या) फायली माझ्या टेबलावर असतात. आपली मराठी मंडळी हल्ली इथल्या सिटीत, काउंटीत, स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये अकाउंटंट म्हणून लागतात आणि साहेबाने एक दिवस "ही बाँडची फाइल आता तू बघ" म्हटलं की संध्याकाळी मला फोन येतो. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. मी वकील नाही, तुमच्या बाँड काउन्सेलला (बाँडच्या वकिलाला) विचारल्याशिवाय यातलं काही करू नका, पण त्याला विचारायचं काय एवढं तरी कळेल, कारण तो तासावर पैसे घेतो.

करमुक्त म्हणजे नक्की कोणाला कर माफ?

आपल्याला नाही, आपण सरकारी एजन्सी, आपल्याला तसाही इन्कम टॅक्स नाही. माफी बाँड घेणाऱ्याला. इंटर्नल रेव्हेन्यू कोडचं कलम १०३ म्हणतं की राज्याने किंवा त्याखालच्या संस्थांनी काढलेल्या बाँडवरचं व्याज फेडरल उत्पन्नात धरायचं नाही. मग घेणारा कमी व्याजावर राजी होतो आणि आपली पाइपलाइन स्वस्तात पडते. बुडतो तो वॉशिंग्टनचा कर, म्हणून वॉशिंग्टनचे नियम एवढे. १९१३ साली इन्कम टॅक्स आला तेव्हापासून ही सवलत आहे, पण तो घटनेने दिलेला हक्क नाही, १९८८ च्या साउथ कॅरोलायना विरुद्ध बेकर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते साफ सांगून टाकलं. म्हणजे काँग्रेसच्या मनात आलं तर जाऊ शकते. दर काही वर्षांनी कोणीतरी ती काढायची भाषा करतंच, मग सगळे मेयर आणि ट्रेझरर वॉशिंग्टनला धावतात.

सगळे नियम एका जागी मिळतात का?

मिळाले असते तर मला एवढे फोन आले नसते! आपल्याकडे तहसील कचेरीत कसं, सातबारा एका खिडकीवर, स्टॅम्प दुसऱ्या, आणि तिसऱ्या खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला, तसंच आहे. कराचं सगळं आयआरएसकडे (फेडरल कर खातं), कोडची कलमं १०३ आणि १४१ ते १५० आणि त्याखालचे ट्रेझरी रेग्युलेशन. गुंतवणूकदाराला काय सांगायचं ते एसईसी (शेअर आणि बाँड बाजारावर नजर ठेवणारी फेडरल संस्था) आणि एमएसआरबीकडे (म्युनिसिपल बाँड बाजाराचे नियम करणारं मंडळ). राज्याचं वेगळं, कॅलिफोर्नियात सीडिॲक (स्टेट ट्रेझररच्या ऑफिसातलं कर्जाचं कमिशन). आणि चौथी खिडकी आपल्याच कपाटात : टॅक्स सर्टिफिकेट (कराच्या अटी पाळण्याची कबुली), इंडेंचर (बाँडचा मूळ करार) आणि कंटिन्युइंग डिस्क्लोजर ॲग्रीमेंट (पुढेही माहिती देत राहण्याची कबुली). लोक पहिल्या तीन शोधत बसतात आणि चौथी उघडतच नाहीत, खरं तर तुमच्या बाँडवर तुम्ही नक्की काय कबूल केलंय ते तिथेच लिहिलेलं असतं.

कोडची भाषा डोक्यावरून जात असेल तर आयआरएसचं प्रकाशन ४०७९ काढा, सरकारी बाँडसाठी आहे, फुकट आहे, आणि त्यातल्या त्यात माणसासारख्या भाषेत आहे. प्रायव्हेट ॲक्टिव्हिटी बाँडसाठी (ज्यांचे पैसे खासगी वापरात जातात, ते खाली येतंय) ४०७८. जीएफओए म्हणजे सरकारी फायनान्सवाल्यांच्या संघटनेच्या बेस्ट प्रॅक्टिसेस पण चांगल्या आहेत, कायदा नाहीत पण ऑडिटर त्यांचं नाव घेतो.

एसईसीकडे आधी रजिस्टर करावं लागतं का?

नाही, आणि इथेच गफलत होते. १९३३ आणि १९३४ च्या सिक्युरिटीज कायद्यांनी म्युनिसिपल बाँड रजिस्ट्रेशनमधून वगळलेत. १९७५ मध्ये एमएसआरबी जन्माला घातली तेव्हा टॉवर अमेंडमेंट घालून ठेवली (सेनेटर जॉन टॉवरच्या नावावरून), म्हणजे विक्रीच्या आधी इश्युअरकडून (बाँड काढणाऱ्याकडून) कागद मागायचा अधिकार एसईसीलाही नाही आणि एमएसआरबीलाही नाही. हे वाचून नवीन माणूस म्हणतो वा, सुटलो. सुटला नाहीत. फसवणुकीचे नियम, म्हणजे १९३३ च्या कायद्याचं कलम १७(ए) आणि एसईसीचा नियम १०बी-५, पूर्ण लागू आहेत. आधी कोणी विचारत नाही, नंतर मात्र विचारतात.

सॅन डिएगोने पेन्शनच्या देण्याचा डोंगर गुंतवणूकदारांपासून लपवला, २००६ मध्ये एसईसीचा आदेश आला. २०१० मध्ये न्यू जर्सीवर, आख्ख्या राज्यावर, तसं पहिल्यांदाच झालं. २०१३ मध्ये पेनसिल्वेनियातलं हॅरिसबर्ग, तिथे तर बाँडच्या कागदातलं नाही, बजेट आणि मेयरच्या भाषणातलं चित्र दिशाभूल करणारं होतं म्हणून. तेव्हापासून आमच्याकडे जनरल मॅनेजरने रोटरीत भाषण करायचं म्हटलं तरी आकडे मी बघते, तो वैतागतो पण दाखवतो.

बोर्ड मेंबर म्हणतात आम्ही फक्त हात वर केला, आमची जबाबदारी काय?

ऑरेंज काउंटीचं नाव सांगा त्यांना. डिसेंबर १९९४, ट्रेझरर रॉबर्ट सिट्रनने उधार घेऊन व्याजदरावर पैज लावली, काउंटीच्या गुंतवणूक पूलला दीड अब्ज डॉलरहून जास्त खड्डा पडला आणि काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. १९९६ मध्ये एसईसीने सुपरवायझर्सबद्दल वेगळा रिपोर्ट काढला, त्याचं सार असं की ज्या कागदाला तुम्ही मंजुरी देता त्यात काय आहे, आणि तुम्हाला माहीत असलेलं त्यात काय नाही, हे बघणं तुमचं काम, वकील आणि सल्लागारावर ढकलून चालणार नाही. दोनशे पानांचं ऑफिशियल स्टेटमेंट (गुंतवणूकदारांसाठीचं बाँडचं माहितीपत्रक) कन्सेंट कॅलेंडरवर (चर्चेशिवाय एकदम मंजूर करायच्या विषयांची यादी) दोन मिनिटात मंजूर होतं तेव्हा मला तोच रिपोर्ट आठवतो.

एमा काय आहे आणि तिथे काय टाकायचं?

एमएसआरबीची फुकट ऑनलाइन जागा, सगळ्या म्युनिसिपल बाँडची ऑफिशियल स्टेटमेंट, भाव, नोटिसा तिथे असतात. तिथे कागद टाकायचं मूळ आहे एसईसीचा नियम १५सी२-१२. १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अणुवीज प्रकल्पांचे सव्वादोन अब्ज डॉलरचे बाँड बुडाले (त्या संस्थेला लोक "वूप्स" म्हणायचे, आद्याक्षरांवरून), त्या गदारोळानंतर १९८९ मध्ये हा नियम आला. गंमत म्हणजे नियम थेट आपल्यावर नाहीच, तो अंडररायटरवर (आपले बाँड घेऊन पुढे विकणाऱ्या फर्मवर) आहे : इश्युअरने लेखी कबुली दिल्याशिवाय दहा लाख डॉलर आणि वरचे बाँड विकायला घेऊ नका. आपण कबुली देतो आणि अडकतो.

कबुली दोन गोष्टींची. एक, दरवर्षी आर्थिक माहिती, तारीख तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये असते, कोणाची वर्ष संपल्यापासून २७० दिवस, कोणाची कमी, त्यामुळे शेजारच्या सिटीला विचारून उपयोग नाही. दोन, १६ प्रकारच्या घटना, कामाच्या १० दिवसांत कळवायच्या. हप्ता चुकला, रेटिंग बदललं, ट्रस्टी बदलला वगैरे. शेवटच्या दोन २७ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहेत आणि त्यातली एक सगळ्यांना चकवते : महत्त्वाचं असेल तर नवीन फायनान्शियल ऑब्लिगेशन, म्हणजे तुम्ही बँकेकडून थेट कर्ज घेतलं तरी नोटीस लागू शकते. बँकेचं कर्ज ट्रेझररने घेतलं, एमाचं लॉगिन अकाउंटिंगमध्ये, दोघं वेगवेगळ्या मजल्यावर, झालं कल्याण.

माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या वर्षी मी ऑडिट रिपोर्ट वेळेत टाकला, पावती पण काढून ठेवली, आणि अकरा महिन्यांनी अंडररायटरच्या वकिलाने विचारलं की २०१२ च्या सिरीजवर (एकदम काढलेल्या बाँडची एक खेप) रिपोर्ट दिसत नाही. मी तो फक्त नव्या सिरीजच्या कुसिप नंबरांना (बाँडचे ओळख क्रमांक) जोडला होता, जुन्यांना टिक करायची राहिली. रिपोर्ट होता, पण ज्याच्यासाठी टाकायचा त्याला दिसत नव्हता. आता टाकून झाल्यावर मी लॉगआउट करते आणि परक्या माणसासारखी एकेक कुसिप शोधून बघते. पाच मिनिटं लागतात. गेल्या पाच वर्षांत मोठी कसूर झाली असेल तर ती पुढच्या ऑफिशियल स्टेटमेंटमध्ये छापावी लागते आणि तेही खोटं छापलं तर मग एसईसी. २०१४ मध्ये एसईसीने कबुलीजबाबाची योजना काढली होती, स्वतःहून या, सवलत मिळेल, त्यात ऑगस्ट २०१६ ला एकाच दिवशी ७१ इश्युअरांवर आदेश निघाले.

फॉर्म ८०३८-जी कधी भरायचा?

बाँड ज्या तिमाहीत निघाला ती संपल्यावर पुढच्या दुसऱ्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. १० एप्रिलला निघाला तर तिमाही ३० जूनला संपते, म्हणजे १५ ऑगस्ट. बहुतेक बाँड काउन्सेलच भरतो, पण भरला की नाही हे तुम्ही बघा आणि पाठवल्याचा पुरावा फाइलला लावा. एक लाख डॉलरच्या आतल्या छोट्या कर्जांना ८०३८-जीसी, प्रायव्हेट ॲक्टिव्हिटीला नुसता ८०३८.

आर्बिट्राज म्हणजे काय, आणि आम्ही तर पैसे नुसते सुरक्षित ट्रेझरीत (फेडरल सरकारच्या रोख्यात) ठेवलेत?

हाच तर आर्बिट्राज! समजा दोन कोटी डॉलरचे बाँड ३ टक्क्यांनी काढले, कंत्राटदार अजून खणायला आलेला नाही म्हणून पैसे ५ टक्क्यांच्या ट्रेझरी बिलात टाकले. दोन टक्के फरक, वर्षाला चार लाख डॉलर. हे कोणाच्या जिवावर? फेडरल सरकारने सोडलेल्या कराच्या. म्हणून कलम १४८ म्हणतं वरचे पैसे परत करा, त्याला रिबेट म्हणतात. नाव फसवं आहे, रिबेट म्हटलं की दुकानदाराने आपल्याला सूट दिली असं वाटतं, इथे आपण द्यायचा.

हिशोब पाच वर्षांनी, मग दर पाच वर्षांनी, आणि शेवटी बाँड फिटल्यावर. पाच वर्षांच्या टप्प्याला किमान ९० टक्के, शेवटी पूर्ण, तारखेपासून ६० दिवसांत फॉर्म ८०३८-टी सोबत. चुकलं तर सरकारी बाँडला रकमेच्या ५० टक्के दंड आणि वर व्याज.

२०१० नंतर बरीच वर्षं व्याजदर जमिनीवर होते, बाँडपेक्षा ट्रेझरीचा दर कमी, त्यामुळे एक पिढी अशी तयार झाली जिने रिबेट कधी भरलाच नाही, कन्सल्टंटचा रिपोर्ट यायचा "देय शून्य" आणि फाइल बंद. २०२२ मध्ये दर चढले आणि सगळं उलटलं. त्या काळातल्या बाँडची पाच वर्षं आता भरत येताहेत, तेव्हा "आमच्याकडे कधीच लागत नाही" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

सुटका पण आहेत. पैसे लवकर खर्च केले तर : सहा महिन्यांत सगळे, किंवा १८ महिन्यांवाली (सहा महिन्यांत १५ टक्के, वर्षात ६०, दीड वर्षात १००), किंवा बांधकामाची दोन वर्षांची (१०, ४५, ७५, १००, दर सहा महिन्याला). वर्षाला ५० लाख डॉलरपेक्षा जास्त काढणार नाही अशा छोट्या इश्युअरला पण सूट आहे, पण ती सर्वसाधारण कर लावायचा अधिकार असलेल्यालाच, त्यामुळे नुसत्या पाणीपट्टीवर चालणाऱ्या डिस्ट्रिक्टने "आम्ही छोटेच आहोत" म्हणून गृहीत धरू नये. मी धरलं होतं, काउन्सेलने फोनवर हसून सांगितलं, नशीब त्याचं बिल नाही लावलं.

आणि एक, रिबेटमधून सुटलात म्हणजे गुंतवणुकीवरच्या दराच्या मर्यादेतून सुटलात असं नाही, ते दोन वेगळे नियम आहेत. बांधकामाच्या पैशाला साधारण तीन वर्षं मोकळीक, पण काढताना तीन वर्षांत ८५ टक्के खर्च होईल अशी वाजवी अपेक्षा हवी. "पैसे घेऊन ठेवू, प्रकल्प बघू नंतर" हे चालत नाही.

आमच्या इमारतीचा थोडा भाग भाड्याने दिलाय, चालेल ना?

किती, कोणाला, आणि भाडं कुठे जातं यावर. कलम १४१ चा ढोबळ नियम : १० टक्क्यांहून जास्त भाग खासगी धंद्याच्या वापरात, आणि १० टक्क्यांहून जास्त परतफेड खासगी पैशातून किंवा खासगी मालमत्तेच्या तारणावर, दोन्ही झालं की तो प्रायव्हेट ॲक्टिव्हिटी बाँड, आणि खास वर्गात बसला नाही तर व्याज करपात्र. काही वापराला ही मर्यादा ५ टक्केच असते, म्हणजे ज्याचा मूळ प्रकल्पाशी संबंध नाही असा.

"खासगी" ची व्याख्या ऐका : राज्य आणि स्थानिक सरकार सोडून सगळे. ना नफा संस्था पण, आणि खुद्द फेडरल सरकार पण! लायब्ररीच्या इमारतीत पोस्ट ऑफिसला जागा दिली तर ती पण खासगी वापरात मोजतात. यावर मंडळाच्या पॉटलकमध्ये एकाने माझ्याशी अर्धा तास वाद घातला, मी पुरणपोळी गार केली पण माघार घेतली नाही.

आमच्यासारख्यांचं खरं दुखणं पाण्याच्या टाक्यांचं. टाकी उंच, टेकडीवर, मोबाइल कंपनी येते, वर अँटेना लावू द्या, महिन्याला भाडं देतो. रिअल इस्टेटवाला सही करून मोकळा, फायनान्सला पत्ता नाही. माझ्या आधीच्या नोकरीत असे करार नऊ वर्षांनी सापडले, तेही कोणीतरी भाडं "मिसलेनियस" खात्यात का पडतंय विचारलं म्हणून. सगळे बेरीज करून मर्यादेच्या आत निघाले, पण ते काढायला तीन आठवडे आणि काउन्सेलचं घसघशीत बिल. आता आमच्याकडे भाडं, परवाना, मॅनेजमेंट कंत्राट, नाव द्यायचे हक्क, काहीही असो, सहीच्या आधी एक पानी फॉर्म माझ्याकडे येतो. बाहेरच्याला चालवायला देणार असाल (पार्किंग, कॅफेटेरिया, प्लँट) तर आयआरएसची रेव्हेन्यू प्रोसिजर २०१७-१३ वाचा, नफ्यात वाटा देऊ नका आणि मुदत ३० वर्षं किंवा मालमत्तेच्या आयुष्याच्या ८० टक्के, जे कमी त्याच्या आत.

पंप आधीच घेतला, बाँडमधून पैसे परत घेता येतील का?

येतील, पण पैसे दिल्यापासून ६० दिवसांच्या आत बोर्डाचा ठराव (ऑफिशियल इंटेंट) हवा. डिझाइन, सर्व्हे अशा सुरुवातीच्या खर्चाला बाँडच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत यातून सूट. परत घेण्याची मुदत खर्च किंवा वापर सुरू, जे नंतरचं त्यापासून १८ महिने, पण खर्चापासून तीन वर्षांच्या आत. ठराव दीड पानाचा असतो, प्रकल्प नुसता चर्चेत आला तरी करून ठेवा.

अंडररायटर इतकं छान समजावतो, वेगळा ॲडव्हायझर कशाला?

कारण अंडररायटर समोरच्या बाजूचा आहे, तो बाँड विकत घेऊन पुढे विकतो. एमएसआरबीच्या जी-१७ नियमाखाली तो स्वतःच पत्र देतो की आमचं हित तुमच्यापेक्षा वेगळं असू शकतं, ते पत्र लोक न वाचता फाइलला लावतात. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानंतर म्युनिसिपल ॲडव्हायझरला रजिस्टर व्हावं लागतं आणि तुमचं हित आधी बघायचं कायद्याने बंधन आहे. स्थळ बघायला गेल्यावर मुलीकडच्यांनीच दोन्हीकडून बोलणी करायची असं कोणी करतं का?

कॅलिफोर्नियात राज्याकडे काय काय द्यायचं?

सीडिॲक, म्हणजे स्टेट ट्रेझररच्या ऑफिसातलं कर्ज आणि गुंतवणूक सल्ला कमिशन. विक्रीच्या किमान ३० दिवस आधी प्रस्तावित कर्जाचा रिपोर्ट, विक्रीनंतर २१ दिवसांत अंतिम. पहिल्या रिपोर्टमध्ये तुमच्याकडे मंजूर डेट पॉलिसी आहे असं प्रमाणित करावं लागतं, तेव्हा आधी पॉलिसी. २०१७ पासूनच्या कर्जांना दरवर्षी ३१ जानेवारीपर्यंत पारदर्शकता रिपोर्ट, किती बाकी, किती खर्च, कशावर. शिवाय १३ महिन्यांहून लांब मुदतीचे बाँड मंजूर करायच्या आधी जाहीर सभेत खर्चाचे अंदाज सांगायचे, त्यात शेवटपर्यंत मिळून किती भरणार हा आकडा पण येतो, तो ऐकून पब्लिक कमेंटला आजोबा उभे राहतातच. सीडिॲकची डेट फायनान्सिंग गाइड आणि वेबिनार मात्र खरंच सोन्यासारखे आहेत.

दुसऱ्या राज्यात असाल तर रीत वेगळी. टेक्सासला ॲटर्नी जनरलची मंजुरी लागते, नॉर्थ कॅरोलायनात लोकल गव्हर्नमेंट कमिशन.

दर पडले तर जुने बाँड बदलता येतील?

जुने फेडायच्या ९० दिवसांच्या आत नवे काढले तर हो, याला रिफंडिंग म्हणतात. त्याहून आधी करमुक्त ॲडव्हान्स रिफंडिंग करायची सोय २०१७ च्या टॅक्स कायद्याने बंद केली. नव्या बाँडने जुन्याचं पाप धुतलं जात नाही, जुन्या पैशाने काय बांधलं आणि ते कोण वापरतं याच्या नोंदी पुढे चालूच.

चूक सापडली, आता?

लपवू नका, बाकी सगळ्याला वाट आहे. खासगी वापर वाढला तर त्या कृतीपासून ९० दिवसांत तेवढे बाँड फेडणं किंवा बाजूला रक्कम ठेवणं असे उपाय रेग्युलेशनमध्येच आहेत. ते हुकलं तर आयआरएसची व्हीकॅप योजना, स्वतःहून जाऊन समझोता करायचा. त्यांचं पत्र आधी आलं तर सौदा महाग पडतो. चौकशीत आयआरएस आपल्याशीच बोलतं, बाँड घेणाऱ्या आजीबाईंच्या दारात जात नाही, म्हणून समझोत्याचे पैसे आपणच भरतो.

कागद किती वर्षं ठेवायचे?

बाँडचं आयुष्य अधिक तीन वर्षं. तीस वर्षांचा असेल तर तेहतीस, मध्ये रिफंडिंग केलं तर नव्याचं आयुष्य संपून तीन. इन्व्हॉइस, बँक स्टेटमेंट, करार, सगळं. तुमच्या ऑफिसची सात वर्षांनी श्रेडिंगची पॉलिसी असेल तर बाँडच्या खोक्यांवर लाल स्टिकर लावून या.

पुण्याच्या महापालिकेने काढले ते पण असेच करमुक्त का?

नाही. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये २४ तास पाणी योजनेसाठी २०० कोटी काढले, दहा वर्षं, ७.५९ टक्के, आणि व्याज करपात्र. तिथे सेबीचे २०१५ चे नियम चालतात. केंद्राने सवलत कर सोडून नाही तर थेट पालिकेला प्रोत्साहन रक्कम देऊन दिली. भारतात पालिकांचे करमुक्त बाँड अजिबात नव्हते असं नाही, २००१ पासून केंद्राच्या मंजुरीने काहींनी काढले, पण इथल्यासारखी सरसकट सवलत नाही. आणि इथे मुनी (म्युनिसिपल) बाँड घेऊन कायमचे भारतात परतणाऱ्यांनी लक्षात ठेवा, माफी अमेरिकेची आहे, पूर्ण रहिवासी झाल्यावर भारताचा आयकर विभाग ते व्याज मोजतो.

फाइल आजच हातात आली, पहिल्या दिवशी काय करू?

एमावर आपल्या एजन्सीचं नाव टाका आणि किती सिरीज बाकी आहेत ते मोजा, तुमच्या यादीत आणि तिथे फरक निघेल, निघतोच. प्रत्येक सिरीजचं टॅक्स सर्टिफिकेट शोधा, सापडलं नाही तर बाँड काउन्सेलकडे ट्रान्सक्रिप्ट (त्या बाँडच्या सगळ्या कागदांचा संच) मागा, त्यांच्याकडे असतं. चार तारखा कॅलेंडरला टाका : वार्षिक माहिती, पाच वर्षांचा रिबेट, ३१ जानेवारी, आणि हप्त्याची. तुमच्या एकट्याच्या नाही, ऑफिसच्या कॅलेंडरला, उद्या तुम्ही नोकरी सोडाल. मग सर्टिफिकेटच्या शेवटच्या पानावर कोणाची सही आहे ते बघा, तो माणूस अजून गावात असेल तर त्याला या आठवड्यातच चहाला बोलवा, रिटायर झालेली माणसं खूप सांगतात.